‘प्रत’ची ‘परत’ होते तेव्हा: वेगात टाइप करताना कीबोर्ड चुकतो की हात?

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये, कोर्टाच्या परिसरात माझं टायपिंगचं काम चालतं. दिवसभर प्रतिज्ञापत्रं, खरेदीखतं, निकालांची भाषांतरं. संध्याकाळी मानेवाड्याला घरी पाच-सहा मुलींना टायपिंग शिकवते. त्यातल्या बहुतेकजणी लिपिक-टंकलेखकाच्या भरतीची तयारी करतात, म्हणजे मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट हा त्यांचा उंबरठा. मी स्वतः टाइपरायटरच्या मशीनवर शिकले. तिथे घाई केली की अक्षरांच्या दोन काड्या एकमेकींत अडकायच्या आणि चूक डोळ्यांसमोर उभी राहायची. कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर काहीच अडकत नाही. अक्षर गुपचूप गळतं आणि आपण पुढे गेलेलो असतो.

दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीच्या कागदावर रोज ‘प्रत’च्या जागी ‘परत’ यायचं. ‘प्रकरण’चं ‘परकरण’, ‘अर्ज’चा ‘अरज’. मी तिला म्हटलं, तुझं डावं मधलं बोट कच्चं आहे, हलंत (अक्षराचा पाय मोडून जोडाक्षर करणारं बटण) नीट दाबत जा. ती म्हणायची, “मॅडम, मी दाबून राहिली नं!” मी ऐकलं नाही. तीन आठवडे तिच्याकडून त्याच बोटाचा सराव करून घेतला. मग एका संध्याकाळी घाईचं काम आलं म्हणून मी तिच्याच कीबोर्डवर बसले आणि माझ्याच कागदावर ‘मूळ परत अर्जदाराकडे आहे’ असं उमटलं. प्रत अर्जदाराकडे असणं आणि मूळच अर्जदाराकडे परत जाणं, या दोन वाक्यांत कोर्टात केवढा फरक आहे! स्पेलिंग तपासणाऱ्या प्रोग्रामला यात काही चूक दिसत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत.

त्या मुलीची मी माफी मागितली. तेव्हापासून कोणाच्याही बोटाला दोष देण्याआधी मी यंत्र तपासते. ते कसं, हे इथे सविस्तर लिहिते आहे. मी विंडोजवर आणि इनस्क्रिप्ट या मराठी अक्षरमांडणीच्या कीबोर्डवर काम करते, म्हणून मराठीची उदाहरणं त्यातली आहेत. यंत्राबद्दलचं बाकी सगळं इंग्रजी टायपिंगलाही तसंच लागू पडतं.

आधी चुकांची चिठ्ठी

कीबोर्ड उलटा करून झटकायच्या आधी एक कागद घ्या. नेहमीच्या वेगात दोन पानं टाइप करा, मध्ये काहीही दुरुस्त करू नका. मग चुकलेला प्रत्येक शब्द कागदावर लिहा आणि त्याच्यासमोर कोणतं बटण गळलं, कोणतं दोनदा लागलं, कोणतं बदललं ते मांडा.

हाताची चूक जागा बदलते. सकाळी ‘त’ चुकतो, दुपारी ‘स’, थकल्यावर चुका वाढतात, चहा घेऊन आलं की कमी होतात. यंत्राची चूक एकाच बटणावर, फार तर एकाच ओळीत बसून राहते. दोन पानांत बारा चुका असतील आणि त्यातल्या नऊ एकाच बटणाच्या असतील, तर बोटाला काही बोलू नका. सगळ्या चुका एकाच प्रोग्राममध्ये होत असतील, वर्डमध्ये होतात आणि नोटपॅडमध्ये होत नाहीत असं असेल, तर बोटही निर्दोष आणि कीबोर्डही.

इनस्क्रिप्टवर ही चिठ्ठी फारच बोलकी असते, कारण आपला कीबोर्ड हातांप्रमाणे वाटलेला आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. हलंत डीच्या बटणावर. ‘प्रत’ म्हणजे एच, डी, जे, एल. त्यातला डी गळला की ‘परत’. तेव्हा जोडाक्षरं सुटी पडत असतील तर संशय थेट डीवर घ्या.

शिफ्टचंही असंच. ख, घ, थ, ध, भ, श, ळ ही सगळी अक्षरं उजव्या हाताच्या बटणांवर शिफ्टसह आहेत, म्हणजे त्यांना डाव्या करंगळीखालचं डावं शिफ्ट लागतं. ते दगा देऊ लागलं की ‘त्यामुळे’चं ‘त्यामुले’, ‘भाग’चं ‘बाग’, ‘साथ’चं ‘सात’ होतं. भंडारा-गोंदियाकडच्या एका शेतजमिनीच्या कागदात मी स्वतः ‘धानाचे पीक’ऐवजी ‘दानाचे पीक’ पाहिलं आहे. उलट अ, आ, इ, ए हे स्वर डाव्या हाताच्या बटणांवर शिफ्टसह येतात, त्यांना उजवं शिफ्ट लागतं. ते गळलं की ‘आ’च्या जागी नुसता काना उमटतो आणि त्याच्याखाली ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. म्हणजे महाप्राण अक्षरं हलकी पडत असतील तर डावं शिफ्ट तपासा, शब्दाच्या सुरुवातीला ठिपक्यांची वर्तुळं येत असतील तर उजवं. एवढं कळलं तरी अर्धा तास वाचतो.

एक चूक मात्र कीबोर्डची वाटते आणि ती असते सवयीची. जुन्या रेमिंग्टन मांडणीवर शिकलेल्यांना ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दाबायची सवय असते. इनस्क्रिप्टमध्ये आधी व्यंजन, मग वेलांटी. आधी दाबली तर ती मागच्या अक्षराला जाऊन चिकटते. माझ्याकडे एक काका कीबोर्ड बदलून घ्यायला निघाले होते. त्यांचा कीबोर्ड एकदम ठणठणीत होता.

बटण मेलं आहे की फक्त हलक्या हाताला साथ देत नाही?

संशयित बटण सापडलं की नोटपॅड उघडा आणि ते एकच बटण वीस वेळा दाबा, सावकाश आणि पूर्ण. वीस अक्षरं मोजा. मग तेच बटण वीस वेळा जलद, हलक्या टिचकीने. पहिल्या वेळी वीस आणि दुसऱ्या वेळी सतरा आली, तर त्या बटणाचा संपर्क कमकुवत झाला आहे. माझ्या विद्यार्थिनीच्या डीचं हेच झालं होतं. दुकानदाराने एकेक बटण दाबून दाखवलं तेव्हा सगळं चालत होतं, कारण दुकानात कोणीच वेगात टाइप करत नाही.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढची साफसफाई डोळसपणे होईल. आपल्याकडचे बहुतेक स्वस्त कीबोर्ड मेम्ब्रेनचे असतात. आत प्लास्टिकच्या तीन पातळ शीट असतात. वरच्या आणि खालच्या शीटवर वीज वाहून नेणाऱ्या शाईच्या रेघा, आणि मधल्या शीटला प्रत्येक बटणाच्या जागी भोक. बटण दाबलं की रबराची टोपी खाली बसते, वरची शीट भोकातून खालच्या शीटला टेकते आणि तेवढ्या क्षणापुरतं सर्किट जुळतं. टेकण्याच्या जागी धूळ, ओल किंवा साखरेचा थर गेला, शाई झिजली किंवा रबराचा ताण गेला, तर जोर लावून दाबल्यावर सर्किट जुळतं, टिचकीने जुळत नाही. मिनिटाला ४० शब्द म्हणजे, पाच ठोक्यांचा एक शब्द धरला तर, सेकंदाला तीनहून जास्त ठोके. सरावाचे शब्द आले की बोटं याहून कितीतरी जलद पळतात. प्रत्येक बटणाच्या वाट्याला फार थोडा वेळ येतो.

विंडोजमध्ये स्क्रीनवरचा कीबोर्डही आहे. विंडोजचं बटण आणि कंट्रोल धरून ओ दाबा. तो उघडा ठेवून टाइप केलं की तुम्ही दाबलेलं बटण स्क्रीनवर उजळतं. बटण दाबूनही ते उजळलंच नाही तर दोष कीबोर्डचा, वायरचा किंवा पोर्टचा. उजळलं पण कागदावर अक्षर आलं नाही तर दोष प्रोग्रामचा किंवा सेटिंगचा. आणि सगळ्यात खात्रीची परीक्षा म्हणजे शेजारच्याचा कीबोर्ड पाच मिनिटांसाठी मागून लावणं. त्यावर तीच चूक आली नाही तर प्रश्न मिटला.

तीन बटणं एकदम

वेगात टाइप करणारा एक बोट उचलायच्या आधी दुसरं टेकवतो. जितका हात तयार, तितकी ही सरमिसळ जास्त. क्षणभर तीन बटणं एकाच वेळी दाबलेली असतात, आणि साधा कीबोर्ड इथे अडखळतो. त्याच्या आतल्या रेघा आडव्या-उभ्या जाळीसारख्या असतात. प्रत्येक बटणाला स्वतंत्र वायर नसते, आडवी आणि उभी रेघ जिथे मिळते ते ते बटण. जाळीतल्या एखाद्या चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले गेले, तर कीबोर्डला चौथा कोपराही दाबल्यासारखा वाटतो. खोटं अक्षर उमटू नये म्हणून तो तिसऱ्या बटणाकडे दुर्लक्ष करतो. अक्षर गळतं. बटण धड, बोट धड, तरी अक्षर नाही.

हे तपासायची एक युक्ती आहे. भाषा इंग्रजी ठेवा, दोन्ही शिफ्ट दाबून धरा आणि उरलेल्या बोटांनी ‘द क्विक ब्राउन फॉक्स जम्प्स ओव्हर द लेझी डॉग’ हे वाक्य इंग्रजीत टाइप करा. त्यात इंग्रजीची सगळी अक्षरं येतात. जी गळतील ती त्या कीबोर्डला दोन शिफ्टच्या जोडीला झेपत नाहीत. पाच-सहा अक्षरं गळली म्हणून लगेच कीबोर्ड फेकू नका, दोन्ही शिफ्ट एकदम कोणी वापरत नाही. पण एकच शिफ्ट धरूनही एखादं अक्षर गळत असेल, किंवा तुमच्या चिठ्ठीवर रोज तीच तीन बटणांची साखळी तुटत असेल, तर ती त्या कीबोर्डची घडण आहे. साफ करून ती जात नाही.

मशीनवर शिकलेल्या जुन्या हातांना हा त्रास कमी होतो, कारण काड्या अडकतील या धाकाने बोट पूर्ण उचलायची सवय लागलेली असते. नव्या मुलींना मी म्हणून एक आठवडा मुद्दाम कमी वेगात, प्रत्येक बोट उचलून टाइप करायला लावते. आणि नवा कीबोर्ड घ्यायचा असेल तर खोक्यावर ‘एन-की रोलओव्हर’ असं लिहिलेलं पाहून घ्या. त्याचा अर्थ कितीही बटणं एकदम दाबली तरी प्रत्येक वेगळं मोजलं जाईल.

एक अक्षर दोनदा

‘क’च्या जागी ‘कक’. याची कारणं दोन आहेत आणि उपाय अगदी वेगळे, म्हणून आधी ओळखा.

पहिलं कारण म्हणजे बोट बटणावर रेंगाळतं. बटण ठरावीक वेळ दाबून धरलं की विंडोज ते अक्षर पुन्हा पुन्हा उमटवू लागतं. तो आधीचा वेळ साधारण पाव सेकंदापासून एक सेकंदापर्यंत चार पायऱ्यांत ठेवता येतो. कंट्रोल पॅनेलमध्ये कीबोर्ड उघडा, ‘रिपीट डिले’ची पट्टी दिसेल. ती ‘लाँग’कडे सरकवा. नवीन शिकणाऱ्यांसाठी मी ती एकदम टोकाला नेते. त्याच खिडकीत चाचणीची रिकामी चौकट असते, तिथेच दाबून पाहा.

दुसरं कारण बटणाच्या आत असतं. धातूचे दोन संपर्क एकमेकांना टेकताना काही मिलिसेकंद थरथरतात. कीबोर्ड ती थरथर संपेपर्यंत, बहुधा ५ मिलिसेकंदांच्या आसपास, थांबतो आणि मगच एक ठोका मोजतो. संपर्क झिजला किंवा मळला की थरथर लांबते आणि एका ठोक्याचे दोन मोजले जातात. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये, म्हणजे ज्यात प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो त्यात, हे जास्त दिसतं. ओळखायची खूण अशी, की टिचकीसारखं पटकन दाबूनही अक्षर दोनदा येतं, आणि नेहमी त्याच बटणावर. रिपीट डिले वाढवून इथे काही फरक पडत नाही. त्या एका स्विचला साफसफाई लागते किंवा तो बदलावा लागतो. काही मेकॅनिकल कीबोर्डमध्ये स्विच नुसता ओढून काढून नवा बसवता येतो, बाकीच्यांत डाग काढून पुन्हा डाग द्यावा लागतो. ते काम सोल्डरिंग येणाऱ्याकडेच द्या.

विंडोजची मदत जी वेगवान हाताला आडवी येते

ज्यांना हातांचा त्रास आहे त्यांच्यासाठी विंडोजमध्ये चांगल्या सोयी आहेत आणि त्या असायलाच हव्यात. पण त्या चुकून चालू झाल्या की वेगात टाइप करणाऱ्याला वाटतं कीबोर्ड गेला. माझ्याकडे ‘कीबोर्ड बंद पडला’ म्हणून आलेल्यांपैकी बरेचजण यातच अडकलेले असतात.

शिफ्ट ओळीने पाच वेळा दाबलं की ‘स्टिकी कीज’ची खिडकी उघडते. मराठी टाइप करताना शिफ्ट सतत लागतं, आणि बोट शब्द आठवत शिफ्टवर टकटक करत राहिलं की पाच कधी होतात कळत नाही. डोळे कागदावर असतात, पुढचा ठोका स्पेसचा किंवा एंटरचा पडतो आणि त्या खिडकीला ‘हो’ असं उत्तर जातं. मग शिफ्ट सोडल्यावरही चिकटून राहिल्यासारखं वागतं.

उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं तर ‘फिल्टर कीज’ येतं. हे जास्त घाबरवतं. यात विंडोज जलद आणि हलके ठोके मुद्दाम टाळतं. बटण बराच वेळ दाबून धरल्याशिवाय अक्षरच येत नाही, किंवा एकच अक्षर लागोपाठ दोनदा दाबलं तर दुसरं गायब होतं. संथ टाइप करणाऱ्याला जाणवणारही नाही, पण तुमच्या कागदाची चाळणी होते. तेव्हा ‘सावकाश दाबलं की येतं, पटकन दाबलं की येत नाही’ ही तक्रार एका बटणाची असेल तर वर सांगितलेला संपर्क तपासा. सगळ्याच बटणांची असेल तर आधी फिल्टर कीज पाहा.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, ‘ॲक्सेसिबिलिटी’त जा, तिथे ‘कीबोर्ड’. स्टिकी कीज आणि फिल्टर कीज बंद करा. त्याच्याही पुढे जाऊन त्या दोन्हींचा शॉर्टकट बंद करा, नाहीतर उद्या पुन्हा तेच. विंडोज १० मध्ये हेच ‘ईझ ऑफ ॲक्सेस’ या नावाखाली आहे. कॉम्प्युटर घरात दुसरं कोणी वापरत असेल आणि त्याला या सोयी लागत असतील तर आधी त्याला विचारा.

यातलीच आणखी एक गंमत नसलेली गोष्ट म्हणजे भाषा बदलणं. डावं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबलं गेलं की भाषा मराठीवरून इंग्रजीवर जाते. डावी करंगळी शिफ्टवर आणि अंगठा ऑल्टला घासला, झालं, अर्धी ओळ इंग्रजी अक्षरांत. मुली म्हणतात, “मॅडम, फॉन्ट उडाला.” फॉन्ट जागेवरच असतो. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, मग ‘टायपिंग’, मग ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’, तिथे ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’. त्या खिडकीत हा शॉर्टकट काढून टाका. भाषा बदलायला विंडोजचं बटण आणि स्पेस पुरेसं आहे, ते चुकून दाबलं जात नाही.

इन्सर्टचं बटण लागलं तर काही प्रोग्राममध्ये नवं अक्षर जुन्यावर चढतं. पुन्हा दाबा, संपलं. ज्या लॅपटॉपला वेगळा नंबरपॅड नाही, त्यात नमलॉक चालू झालं तर काही मॉडेलमध्ये यू, आय, ओ या बटणांतून ४, ५, ६ निघतात. तेही बंद केलं की झालं. लॅपटॉपवर टाइप करताना कर्सर उडी मारून वरच्या ओळीत जात असेल तर ते अंगठ्याच्या मुळाचं काम आहे, तळवा टचपॅडला लागतो. टचपॅडच्या सेटिंगमध्ये संवेदनशीलता कमी करा, किंवा माउस जोडला की टचपॅड बंद व्हावा असं निवडा.

अक्षरं उशिरा, गठ्ठ्याने

तुम्ही ‘न्यायालयासमोर’ टाइप करता, स्क्रीन रिकामी, आणि मग सगळा शब्द एकदम. वायरच्या कीबोर्डवर असं होत असेल तर तीच ओळ नोटपॅडमध्ये टाइप करा. तिथे सुरळीत असेल तर कॉम्प्युटर दमला आहे. अडीचशे पानांची एकच वर्ड फाइल उघडी, सोबत स्पेलिंगची तपासणी चालू, मागे अपडेट उतरतं आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, प्रोसेसर किंवा डिस्क १०० टक्क्यांना टेकली आहे का पाहा. मोठं भाषांतर मी पन्नास-पन्नास पानांच्या वेगळ्या फाइलींत करते आणि शेवटी जोडते.

वायरलेस कीबोर्ड असेल तर आधी सेल बदला. मग त्याचं छोटं रिसीव्हर कुठे खोचलं आहे ते पाहा. बहुतेक वेळा सीपीयूच्या मागे, लोखंडी पेटीच्या आड, शेजारी हार्डडिस्क लावलेली. ही रिसीव्हर २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात, आणि यूएसबी ३ च्या पोर्टमधून आणि वायरीतून त्याच पट्ट्यात गोंगाट निघतो. रिसीव्हर पुढच्या बाजूच्या साध्या पोर्टमध्ये लावा, किंवा एक्स्टेन्शन वायरने टेबलावर कीबोर्डजवळ आणा. थोडा वेळ थांबल्यावर पहिली दोन अक्षरं गळत असतील तर कीबोर्ड झोपेतून उठतो आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबवर जाऊन ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करायची परवानगी काढून टाका. पण झोप कीबोर्डच्या स्वतःच्या आत असेल तर याने फरक पडत नाही. म्हणून रोजच्या वेगाच्या कामाला मी वायरचाच कीबोर्ड वापरते.

नागपूरचा उन्हाळा आणि कूलर

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा कूलरशिवाय काम अशक्य. पण कूलरचं तोंड कुठे आहे ते पाहा. हवेसोबत पाण्याचे बारीक तुषार येतात, त्यात धूळ असते, आणि पाणी जड असेल तर सुकल्यावर मागे पांढरा थर राहतो. हे सगळं बटणांच्या फटींतून आत जातं. त्या विद्यार्थिनीची जागा कूलरच्या बरोबर समोर होती. आता मी कूलर आडवा ठेवते, म्हणजे वारा माणसाला लागतो, टेबलावर सरळ येत नाही. काम संपलं की कीबोर्डवर सुती फडकं टाकते. पावसाळ्यात ओलीमुळे सकाळी बटणं जड वाटतात, तेव्हाही त्या फडक्याचा उपयोग होतो.

साफसफाई महिन्यातून एकदा. कॉम्प्युटर बंद करा, वायर काढा, कीबोर्ड उलटा धरून मागून हलक्या हाताने थोपटा. पोहे खाताना सांडलेले शेव आणि चिवडा इतका निघतो की लाज वाटावी. मग रंगाचा अर्धा इंची नवा ब्रश घेऊन ओळीओळीने, एकाच दिशेला झाडा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण जातात.

बटण चिकट झालं असेल तर टोपी काढावी लागते. आधी मोबाइलवर कीबोर्डचा फोटो काढा, हे विसरू नका. टोपी काढायचा चिमटा नसेल तर दोन यू-पिना सरळ करून दोन बाजूंनी अडकवा आणि सरळ वर ओढा. टोप्या कोमट साबणाच्या पाण्यात धुवा आणि रात्रभर सुकू द्या. आतला मळ कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, काडी ओली असावी, ठिबकणारी नको. हाताला लावायचं सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन उलट चिकटपणा वाढवतं. स्पेस, एंटर आणि शिफ्टच्या टोप्यांखाली तारेचा आकडा असतो. अनुभव नसेल तर त्यांना हात लावू नका. लॅपटॉपच्या टोप्याही काढू नका, त्यांच्याखालचं प्लास्टिकचं कात्रीसारखं बिजागर एकदा तुटलं की बसत नाही.

चहा सांडला तर ताबडतोब वायर ओढा आणि कीबोर्ड पालथा घाला. नुसतं पाणी असेल तर दोन दिवस सावलीत सुकवून कीबोर्ड वाचू शकतो. गोड चहा असेल तर साखर शीटांच्या मध्ये जाऊन बसते. स्वस्त कीबोर्ड असेल तर त्यावर वेळ घालवू नका. लॅपटॉपवर सांडला तर पॉवरचं बटण दाबून धरून तो बंद करा, चार्जर काढा, तंबूसारखा पालथा ठेवा आणि चालू करून पाहायचा मोह आवरून सरळ दुरुस्तीला न्या. तांदळात ठेवून काही होत नाही, उलट पोर्टमध्ये तांदळाचं पीठ जातं.

नवा घेताना आणि परीक्षेच्या दिवशी

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, कीबोर्ड घ्यायला जाल तेव्हा दुकानातच लावून पाहा. दुकानदाराला म्हणा, “भाऊ, दोन मिनिटं टाइप करून पाहू द्या.” मी डी वीस वेळा टिचकीने दाबते, दोन्ही शिफ्ट एकेक करून तपासते, स्पेसबार डाव्या आणि उजव्या टोकाला दाबून पाहते, कारण स्वस्त स्पेसबार मध्यभागी चालतो आणि कडेला अडतो. एफ आणि जेवरचे उंचवटे बोटाला लागले पाहिजेत, न पाहता टाइप करणाऱ्याची जागा त्यांच्यावरूनच ठरते. मराठी छापलेली बटणं नसली तरी चालेल. शिकणाऱ्याला तर ती नसलेलीच बरी.

परीक्षेला तुमचा कीबोर्ड नसतो. समोर येईल त्यावर बसावं लागतं. म्हणून जागेवर बसल्यावर, सरावाला जो काही वेळ मिळेल त्यात, पाठ केलेला उतारा टाइप करू नका. मुलींना मी एकच ओळ देते: ‘आईने धानाच्या भागाची प्रत त्यामुळे ठेवली.’ वाक्याला अर्थ फारसा नाही, पण त्यात हलंत आहे, डाव्या शिफ्टची ध, भ, ळ, ठ ही अक्षरं आहेत, उजव्या शिफ्टचा आ आणि ई आहे. तीच ओळ तीनदा, पूर्ण वेगात. तिन्ही वेळा त्याच जागी चूक आली तर हात वर करून पर्यवेक्षकांना लगेच सांगायचं, वेळ सुरू होण्याआधी. माझ्या त्या विद्यार्थिनीने हेच केलं, आणि तिला शेजारचा कॉम्प्युटर मिळाला.